डिजिटल संसाधनांचे वर्णन : मेटाडेटा आणि अमूर्त प्रतिमान



३० जानेवारी २०१५ रोजी केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने राष्ट्रीय उत्पन्नाची नवी मालिका जाहीर केली. आधारवर्ष २००४-०५ ऐवजी २०११-१२ झाले, मोजणी घटक खर्चाऐवजी बाजारभावाने मांडली गेली आणि २०१३-१४ या एकाच वर्षाचा विकासदर ४.७ टक्क्यांऐवजी ६.९ टक्के झाला. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बसणारे. परंतु आधारवर्ष व पद्धती यांची नोंद सोबत नसेल, तर दोन्ही दिशाभूल करणारे. माहितीविषयीच्या या माहितीलाच मेटाडेटा म्हणतात.

डब्लिन कोअर

इंटरनेटवरील दस्तऐवज वाढू लागले, तेव्हा ग्रंथालयातील तपशीलवार तालिकीकरण त्या वेगास पुरे पडेना. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेत काही मोजके वर्णन-घटक निश्चित झाले. पुढे त्यांची संख्या १५ झाली : शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी. २००३ मध्ये त्यांना आयएसओ १५८३६ हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले.

प्रतिमान कशासाठी?

केवळ घटकांची यादी मात्र अपुरी ठरते. एकाच संसाधनाचे वर्णन एक संस्था एचटीएमएलमध्ये लिहिते, तर दुसरी एक्सएमएलमध्ये. दोहोंचा अर्थ एकच आहे, हे संगणकाने कसे ठरवावे? त्यासाठी लेखनपद्धतीहून स्वतंत्र असा आराखडा लागतो. डब्लिन कोअरचे असे अमूर्त प्रतिमान २००५ मध्ये प्रसिद्ध झाले व २००७ मध्ये सुधारले गेले. त्याची रचना सोपी आहे : एक वर्णन एकाच संसाधनाचे असते, वर्णन विधानांचे बनते, प्रत्येक विधानात एक गुणधर्म व त्याचे मूल्य असते. परस्परसंबंधित वर्णने मिळून वर्णनसंच तयार होतो.

'एका संसाधनास एक वर्णन' या तत्त्वाचे महत्त्व उदाहरणाने कळते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरील ग्रंथ १९३१ चा. त्याची २००५ मध्ये स्कॅन प्रत काढली, असे समजा. 'दिनांक' या रकान्यात काय लिहावे? मूळ ग्रंथ व त्याची डिजिटल प्रत ही दोन संसाधने मानून त्यांची वर्णने वेगळी ठेवली आणि परस्परांशी जोडली, तरच उत्तर निःसंदिग्ध होते. अन्यथा १९३१ चा विचार २००५ चा ठरतो.

भारतीय संदर्भ

२०१२ च्या राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण व सुलभता धोरणाने शासकीय आकडेवारी नागरिकांस खुली करण्याची दिशा दिली. २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण झालेले, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अनेक संस्थांकडील साहित्याचा मेटाडेटा एकत्र करून एकाच ठिकाणी शोध घेऊ देते. शीर्षके, नावे व विषय एकसारखे नोंदले नसतील, तर असा शोध निष्फळ ठरतो. बहुभाषिक देशात एकच नाव अनेक लिप्यांत लिहिले जात असल्याने ही अडचण अधिक तीव्र होते.

येथे एक आर्थिक पेचही आहे. वर्णनाचा खर्च माहिती निर्माण करणाऱ्या विभागावर पडतो. लाभ मात्र अनोळखी वापरकर्त्यांस मिळतो. अशा बाह्य लाभाच्या कामात स्वेच्छेने होणारी गुंतवणूक बहुधा अपुरी राहते. म्हणूनच मेटाडेटा ही सार्वजनिक वस्तू मानून तिच्यासाठी मानके, मनुष्यबळ व निधी यांची तरतूद हवी. वाचकाचा वेळ वाचविणे हे रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे कर्तव्य मानले होते; डिजिटल युगात ते माहिती प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य ठरते.