मेरिटचा दावा आणि अंधारातला प्रयोग



आयोजकांनी मला 'माझा संशोधनातला प्रवास' हा विषय दिला आहे. प्रवास सांगेनच, पण आधी काम सांगते. आपल्या माणसाला व्यासपीठावर बोलावलं की सगळे त्याचा संघर्ष विचारतात, त्याचं विज्ञान कोणी विचारत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवते आणि उजेडात काम करणाऱ्या सेमीकंडक्टर नॅनोकणांवर संशोधन करते. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी आपल्या भिंतींच्या रंगातही असते. तिच्यावर अतिनील किरण पडले की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा उरते. ही दोन्ही कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचली, तर पाण्यातले रंगाचे रेणू तुटू लागतात. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. तिथून हे क्षेत्र वाढलं.

अडचण अशी की या भुकटीला साधारण 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा असलेले अतिनील किरण सूर्यप्रकाशात जेमतेम 5 टक्के. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशातही चालतं, पण उजेडात ते स्वतःच झिजतं आणि विषारी कॅडमियम पाण्यात उतरतं. तिरुप्पूरच्या डाईंगच्या सांडपाण्याने नोय्यल नदीची काय गत झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाला तिथली युनिट्स बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. असं पाणी ज्यांच्या विहिरीत उतरतं, त्यांच्या बाजूने विचार केला तर रंग गेला एवढ्यावर भागत नाही. पाण्यात मागे काय उरलं, हेही तपासावं लागतं.

आता आमच्या कामातला एक नियम सांगते. रंगीत पाण्यात भुकटी टाकली की उजेड नसतानाही थोडा रंग तिला चिकटतो. म्हणून दिवा लावण्याआधी मिश्रण अर्धा तास अंधारात ढवळायचं आणि किती रंग गेला ते मोजायचं. भुकटी न घालता, नुसत्या उजेडात किती गेला तेही मोजायचं. हे दोन्ही वजा करून जे उरतं, तेवढंच त्या पदार्थाचं श्रेय. दोन पदार्थांची तुलना करायची तर दिवा तोच, अंतर तेच, भुकटीचं वजनही तेच हवं.

माझ्या पीएचडीत फेलोशिप कित्येक महिने अडकली होती. मी संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. त्याच वेळी शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुढचा पेपर लिहीत असायचा. त्याचे वडील प्राध्यापक. मसुदा घरीच तपासला जायचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुढे एका मुलाखतीत आमचे पेपर मोजले गेले आणि त्या आकड्याला 'मेरिट' म्हटलं गेलं. माझ्या विद्यार्थिनीने दोन वेगळ्या दिव्यांखालच्या नमुन्यांची अशी तुलना आणली, तर मी ती परत पाठवीन. तो सहकारी हुशारच होता, माझं त्याच्याशी भांडण नाही. माझं भांडण मोजण्याच्या पद्धतीशी आहे.

तुमच्यापैकी अनेकांना घरून सांगितलं जाईल, 'आता शिकलास तेवढं पुरे, नोकरी बघ.' त्यात चूक काही नाही, घर चालवायचं असतं. पण ज्यांना संशोधन करायचं आहे त्यांनी हिशेब नीट मांडावा. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पैसे उशिरा येऊ शकतात, म्हणून पहिल्या हप्त्यापासून थोडे बाजूला ठेवा. कॉलेजात मोठी यंत्रं नसतील तर अडून बसू नका. आयआयटी मुंबईतल्या 'सैफ'सारख्या केंद्रांत बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात. आणि तुमच्या आधी गेलेल्या सीनियरला फोन करा. आपल्या घरी मसुदा तपासणारं कोणी नसतं, ते काम आपणच एकमेकांसाठी करायचं आहे.

कोणी तोंडावर 'मेरिट' म्हणालं तर खाली मान घालू नका. शांतपणे विचारा, दिवा तोच होता का? अंतर तेच होतं का?

जय भीम.