मालमोटारीचा मागचा डोळा

पुढें जाणाऱ्याला मागचें भान ठेवावें लागतें, ही गोष्ट माणूस चाकावर बसला तेव्हांपासूनची आहे. बैलगाडीच्या गाडीवानाला मान वळविली म्हणजे मागची वाट दिसत असे. टांगेवाल्याचेंही तेवढ्यावर भागत असे. बैलाची चाल ती किती आणि मागून येणाऱ्याची घाई ती किती! परंतु मोटार आली, तिचा वेग वाढला, पुढें तिच्या पाठीवर मालाचा बंद पेटारा चढला, आणि मान वळवून मागें पाहण्याची सोय नाहींशी झाली. तेव्हांपासून चालकाला पाठीमागें एक उसना डोळा लागूं लागला. शतकभर हें काम कांचेच्या आरशानें इमानेंइतबारें केलें. आतां मोठ्या मालमोटारींवरील हे आरसे उतरवून त्यांच्या जागीं कॅमेरे बसविण्यास युरोपांत प्रारंभ झालेला आहे. ह्या बदलाचें स्वरूप काय, त्यापासून लाभ कोणाचा आणि त्यांत सांभाळावयाचें काय, ह्याचा विचार प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

मोटारीवरील आरशाची कथा फार जुनी नाहीं. १९०९ सालीं डॉरोथी लेव्हिट ह्या इंग्रज महिलेनें स्त्रियांसाठीं मोटार चालविण्यासंबंधीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. गाडींत एक हातआरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून तो वर धरून मागची रहदारी पाहावी, असा सल्ला तिनें त्यांत दिला आहे. पुढें १९११ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची मोटारशर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाच्या शेजारीं एक मेकॅनिक बसलेला असे, आणि मागून कोण येत आहे हें सांगणें हें त्याचें एक काम असे. रे हॅरून हा स्पर्धक मात्र एकटाच बसला. इतरांनीं त्याविरुद्ध तक्रार केल्यावर त्यानें आपल्या समोर एक आरसा जडवून घेतला आणि ताशीं सुमारें १२० किलोमीटरांच्या सरासरी वेगानें ती शर्यत जिंकली. गमतीची गोष्ट अशी कीं, विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता कीं त्यांत धड कांहींच दिसत नव्हतें, असें पुढें खुद्द हॅरूननेंच सांगितलें. महाराष्ट्रांतील मालमोटारीवर क्लीनर म्हणून जो गडी चालकाच्या डाव्या अंगास बसतो, आणि गाडी मागें घेतांना खालीं उतरून, गाडीच्या अंगावर थाप मारीत "येऊं द्या, येऊं द्या" असें ओरडतो, तो त्या शर्यतींतील मेकॅनिकाचाच भाऊबंद होय. आरसा आला तरी हा जिवंत डोळा पुष्कळ ठिकाणीं टिकून राहिला, ह्याला कारण आहे. आरशाची दृष्टि मर्यादित असते.

ती मर्यादा किती, हें मालमोटारीवरील आरशांच्या संख्येवरूनच कळून येतें. वाहनांच्या आरशांसंबंधीं संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या विद्यमानें झालेला ४६ वा नियम युरोपांत प्रमाण मानला जातो. त्यानें आरशांचे सात वर्ग पाडले आहेत. मोठ्या मालमोटारीच्या मुख्य आरशांत चालकाच्या डोळ्यांपासून ३० मीटर मागें ५ मीटर रुंदीची पट्टी आणि तेथून क्षितिजापर्यंतचा रस्ता दिसला पाहिजे. विस्तृत दृश्य दाखविणाऱ्या आरशांत १५ मीटर रुंदीची जमीन दिसली पाहिजे. त्याखेरीज दाराखालची जागा दाखविणारा एक आणि गाडीच्या नाकाखालची जागा दाखविणारा एक, असे आणखी आरसे असतात. इतक्या आरशांवरून नजर फिरवीपर्यंत पहिल्या आरशांतील दृश्य बदललेलें असतें. शिवाय हे आरसे बहुधा बहिर्गोल असल्यामुळें वस्तु असते त्याहून लहान आणि म्हणून दूर भासते. त्यांतही एक विचित्र अडचण आहे. एकावर एक बसविलेल्या ह्या मोठ्या आरशांची चौकट चालकाच्या नजरेच्या वाटेंतच उभी राहते. चौकांत वळतांना रस्ता ओलांडणारा माणूस तिच्याआड सहज झांकला जातो. मागचें दाखविणाऱ्या साधनानें पुढचें झांकावें, हा प्रकार मोठा चमत्कारिक खरा.

कॅमेऱ्याची योजना ह्या ठिकाणीं पुढें येते. केबिनच्या छपराच्या कडेला, उंचावर, दोहों बाजूंस एकेक आंखूड बाहु बसवितात आणि त्याच्या टोकाशीं कॅमेरा असतो. आंत, पुढच्या कांचेच्या दोन्ही कडांच्या खांबांवर एकेक उभा पडदा असतो. कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र त्यावर दिसतें, आणि मुख्य व विस्तृत हीं दोन्ही दृश्यें एकाच पडद्यावर वरखालीं मांडलेलीं असतात. मर्सिडीझ-बेन्झ कंपनीनें आपल्या 'ॲक्ट्रोस' मालमोटारीवरील अशी यंत्रणा २०१८ सालीं हॅनोव्हरच्या प्रदर्शनांत मांडली, आणि त्यानंतर युरोपांतील इतरही कारखानदार ह्या मार्गास लागले. उतारूंच्या मोटारींतही, जपानांत २०१८ सालीं लेक्सस कंपनीनें अशीच योजना बाजारांत आणली.

ह्या योजनेचे गुण पाहूं गेल्यास ते थोडके नाहींत. मालमोटारीचें इंजिन आणि तिचा मालाचा डबा हे एका सांध्यानें जोडलेले असतात. गाडी वळूं लागली म्हणजे सांधा वांकतो, आणि वळणाच्या आंतील बाजूच्या आरशांत डब्याच्या भिंतीखेरीज कांहीं दिसेनासें होतें. कॅमेऱ्याचें चित्र मात्र वळणाबरोबर सरकवितां येतें, त्यामुळें डब्याचें मागचें टोंक चालकाच्या दृष्टीखालीं राहतें. पडद्यावर अंतराच्या रेघा आंखतां येतात. काळोखांत कॅमेरा चित्र उजळ करूं शकतो. पावसांत दाराच्या कांचेवरील ओघळांतून आरसा पाहावा लागतो, ती अडचण येथें उरत नाहीं, कारण पडदा केबिनच्या आंतच असतो. आणि आरशाची चौकट गेल्यामुळें चौकांतील माणूस उघडा दिसूं लागतो.

कारखानदार जाहिरातींत ज्या गुणावर भर देतात, तो आणखी निराळाच आहे. आरसे हे गाडीच्या दोन्ही कानांसारखे बाहेर आलेले असतात आणि वाऱ्याला अडवितात. वेग दुप्पट झाला कीं हवेचा रोध चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. म्हणून लांब पल्ल्याच्या गाडीला ही अडवणूक महाग पडते. आरसे काढल्यानें डिझेलमध्यें शेंकडा एक ते तीन इतकी बचत होते, असे दावे निरनिराळ्या कारखानदारांनीं केलेले आहेत. त्यांतील शेंकडा एक हाच आंकडा खरा मानला, आणि एक गाडी वर्षांत १,२०,००० किलोमीटर धांवते व दर शंभर किलोमीटरांस ३० लिटर डिझेल पिते असें धरलें, तर वर्षाचा खर्च ३६,००० लिटर आणि बचत ३६० लिटर होते. एका गाडीमागें ही रक्कम फार नव्हे. परंतु ज्याच्या पदरीं शेंकडों गाड्या आहेत, त्याच्या हिशेबाच्या वहींत ती ठळक दिसते.

आतां नाण्याची दुसरी बाजू. आरसा आणि पडदा ह्यांत एक मूलभूत भेद आहे, तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सपाट आरशांत शंभर मीटर मागची गाडी पाहतांना डोळा शंभर मीटर दूर पाहण्याच्याच बेतानें राहतो, कारण आरशांतील प्रतिमा आरशाच्या मागें तितकीच दूर असते. पडद्यावरचें चित्र मात्र हातभर अंतरावर असतें. म्हणजे रस्त्यावरून पडद्याकडे आणि पडद्यावरून रस्त्याकडे पाहतांना डोळ्याला प्रत्येक वेळीं आपली घडी बदलावी लागते. तरुण डोळा हें नकळत करतो. चाळिशी उलटलेल्या चालकाला तें जड जातें. आरशांत दोन डोळ्यांमुळें खोलीची जी जाणीव होते, ती सपाट चित्रांत मिळत नाहीं. आरशासमोर डोकें थोडें पुढें केलें कीं झांकलेला कोपरा दिसूं लागतो, पण पडद्यासमोर कितीही वांकलें तरी चित्र तेंच. ह्या तक्रारींत तथ्य आहे, हें कारखानदारांच्या वागणुकीवरूनही दिसून येतें. 'ॲक्ट्रोस'च्या यंत्रणेची जी दुसरी आवृत्ति २०२२ सालीं आली, तींत कॅमेऱ्यांचे बाहु प्रत्येकीं १० सेंटिमीटरनें आंखूड केले आहेत. जुन्या आरशांतील दृश्याशीं चित्राचा कोन अधिक जुळावा आणि गाडी सरळ मागें घेणें सोपें जावें, हा त्यामागील हेतु होता.

दुसरा प्रश्न विलंबाचा. आरशांतील प्रतिमा प्रकाशाच्या वेगानें येते, कॅमेऱ्याच्या चित्राला विजेच्या अनेक दालनांतून जावें लागतें. म्हणून हा विलंब २०० सहस्रांश सेकंदांहून, म्हणजे सेकंदाच्या पांचव्या हिश्शाहून, कमी असावा असें नियमानें ठरविलेलें आहे. ताशीं ९० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या मालमोटारीच्या मागून ताशीं १३० किलोमीटर वेगानें मोटार आली, तर ती दर सेकंदास सुमारें ११ मीटर जवळ येत असते. तेवढ्या विलंबांत ती चित्रांत दिसते त्याहून दोन मीटरांनीं अधिक जवळ आलेली असूं शकते. हें अंतर लहान खरें, पण चालकाला त्याची माहिती असणें इष्ट आहे. तिसरी गोष्ट दुरुस्तीची. आरसा फुटला तर कोणत्याही मोठ्या गांवीं दुसरी कांच मिळते. फुटक्या आरशांतही थोडेंफार दिसतें. कॅमेरा बंद पडला तर त्या बाजूचा डोळाच मिटतो, आणि त्याची किंमतही भारी असते.

कायद्यानें ह्या बाबतींत सावधपणें पाऊल टाकलें आहे. २०१६ सालीं ४६ व्या नियमांत दुरुस्ती होऊन, ठराविक कसोट्यांस उतरणाऱ्या कॅमेऱ्यांना आरशांची जागा घेण्यास संमति मिळाली, आणि जपाननेंही त्याच वर्षीं वाट मोकळी केली. अमेरिकेंत २०१९ च्या फेब्रुवारींत मालवाहतुकीच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या खात्यानें एका कंपनीच्या यंत्रणेस पांच वर्षांची सूट दिली. त्यायोगें ती यंत्रणा बसविलेल्या गाड्यांस आरशांवांचून मालवाहतूक करण्याची मोकळीक मिळाली. तथापि नवी गाडी आरशांसहच बनली पाहिजे, हा कारखानदारांना लागू असलेला निराळा नियम त्या सुटीनें बदलला नाहीं.

परंतु ह्या सर्व चर्चेच्या मुळाशीं जी गोष्ट आहे, ती डिझेलच्या हिशेबांत बसत नाहीं. श्रोत्यांनीं लंडनमधील एखाद्या चौकाची कल्पना करावी. तेथील वाहतूक हिंदुस्थानाप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालते. तांबडा दिवा लागलेला आहे, मालमोटार उभी आहे, आणि तिच्या डाव्या अंगास एक सायकलस्वार येऊन थांबतो. दिवा हिरवा होतो. मालमोटार डावीकडे वळूं लागते. पुढचीं चाकें ज्या वाटेनें वळतात, तिच्यापेक्षां मागचीं चाकें आंतल्या बाजूनें जातात. म्हणून सायकलस्वाराची जागा क्षणाक्षणाला आंखूडत जाते, आणि त्याला निसटावयास वाट राहत नाहीं. उंच केबिनमध्यें बसलेल्या चालकाला तो कांचेंतून दिसत नाहीं. त्याचा जीव अवलंबून असतो तो चालकानें त्या क्षणीं योग्य त्या आरशांत वा पडद्यावर नजर टाकली असेल काय, ह्या एका गोष्टीवर. युरोपांतील कित्येक शहरांत अशा रीतीनें माणसें मेलेलीं आहेत, आणि ज्यांच्या हातून तें घडलें त्यांपैकीं कित्येकांना धक्का बसेपर्यंत कांहींच कळलेलें नव्हतें.

ह्याच अनुभवावरून लंडनच्या वाहतूक-प्राधिकरणानें एक निराळा मार्ग धरला. १२ टनांहून जड मालमोटारींना शहरांत येण्यासाठीं परवाना घ्यावा लागेल, अशी व्यवस्था तेथें २०२१ च्या मार्चपासून अमलांत आली. केबिनच्या कांचांतून चालकाला स्वतःच्या डोळ्यांनीं किती दिसतें, हें मोजून गाडीला शून्यापासून पांचपर्यंत तारे देतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही अट तीन ताऱ्यांवर नेण्यांत आली, आणि जिला तितके तारे नाहींत, तिच्यावर कॅमेरे, इशारा देणारीं संवेदक यंत्रें इत्यादि अधिक साधनें बसविणें आवश्यक झालें. येथें लक्षांत घेण्यासारखें हें कीं, तारे मोजतांना आरसा वा कॅमेरा ह्यांचा विचार केला जात नाहीं. कांच खालपर्यंत आणावी, आसन खालीं घ्यावें, म्हणजे चालकाची आणि रस्त्यावरील माणसाची नजरानजर होईल, हा त्यामागील विचार आहे. उसन्या डोळ्याची किंमत ओळखूनही मूळच्या डोळ्याला पहिला मान देणारी ही दृष्टि शहाणपणाची होय.

ह्यावरून निष्कर्ष असा निघतो. कॅमेरा हा आरशापेक्षां पुष्कळ बाबतींत सरस आहे. त्याला विरोध केवळ जुन्या संवयीपायीं करणें योग्य होणार नाहीं. पण तो केवळ डिझेल वांचतें म्हणून बसविला जाऊं लागला, तर वर्षाचे ३६० लिटर मालकाच्या पदरांत पडतील आणि नव्या पडद्याशीं जुळवून घेण्याचे कष्ट चालकाच्या डोळ्यांवर पडतील. म्हणून ज्या मालकाला हा लाभ हवा असेल, त्यानें चालकाला सरावासाठीं दिवस द्यावेत, त्याच्या दृष्टीची तपासणी करवावी, आणि कॅमेरा बिघडल्यास तो दुरुस्त होईपर्यंत गाडी थांबविण्याची तयारी ठेवावी. एवढें झालें तर ही सुधारणा खऱ्या अर्थानें सुधारणा ठरेल. दिवा हिरवा होतांना चौकांत उभ्या असलेल्या सायकलस्वाराला गाडीवर आरसा आहे कीं कॅमेरा आहे ह्याच्याशीं कर्तव्य नसतें. आपण दिसलों कीं नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि त्याचें उत्तर द्यावयाचें असतें तें आंत बसलेल्या माणसानेंच.