इतिहासकाराला काय विचारावे



जगाचा इतिहास जाणकार इतिहासकारांशी बोलून समजून घेता येतो का, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न आज सर्वांच्या जवळचा झाला आहे, कारण इतिहासकारांचे बोलणे ऐकण्याची सोय पूर्वी कधी नव्हती एवढी झाली आहे. बीबीसीवर १९९८ मध्ये ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. एक विषय, एक विचारणारा आणि त्या विषयावर आयुष्य घातलेले तीन अभ्यासक, एवढाच त्याचा थाट. आज त्या जातीचे असंख्य कार्यक्रम गोव्यातल्या पेडण्याच्या किंवा साखळीच्या माणसाच्या मोबाइलवर येतात. पणजीत इतिहासकार कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरतो आणि तिथेही व्याख्यानानंतर श्रोते प्रश्न विचारतात. ऐकण्याची ददात उरलेली नाही. विचारायचे काय, हे मात्र आपण ठरवलेले नाही. ‘औरंगजेब कसा होता?’ असे विचारले की उत्तरात एक अभिप्राय मिळतो. तो आपल्या मताशी जुळला तर आपण टाळ्या वाजवतो, नाही जुळला तर उठून जातो; ज्ञानात भर दोन्ही वेळा पडत नाही. ‘हे तुम्हांला कशावरून कळले, आणि माझ्या गावचा पुरावा त्याच्याशी जुळतो का?’ असे विचारले तर संभाषणाची जातच बदलते. आपल्या भूमीचा प्रश्न घेऊन जाणाऱ्यालाच जगाचा इतिहास संवादातून मिळतो, हे माझे म्हणणे आहे. पेडणे आणि डिचोली या दोन महालांच्या आधाराने मी ते मांडणार आहे.

संवादातून ज्ञान मांडण्याची रीत गोव्याला नवी नाही. १५६३ साली गोव्यात जुआंव द एंदेम या मुद्रकाने गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला. तो सारा संवादरूप आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा विद्वान विचारतो आणि ओर्ता उत्तर देतो. रुआनो कल्पित आहे. ओर्ताने स्वतःच्याच दोन बाजू समोरासमोर बसवल्या: एक ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर वाढलेली, दुसरी हिंदुस्थानात डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणारी. मध्येच मालुपा नावाचा हिंदू वैद्य बोलतो, घरातली दासी आंतोनिया हवी ती वनस्पती आणून दाखवते. म्हणजे पोथीतला दाखला, बाजारातली जिन्नस आणि इथल्या वैद्याचा अनुभव यांची एकाच बैठकीत उलटतपासणी होते. पुढे १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि त्यात संवादाचे रूप गाळून टाकले. युरोपभर गाजला तो हा संक्षेप. निष्कर्ष सगळीकडे पोचले. ते कोणाला विचारून, कोणाशी वाद घालून मिळाले, ते मात्र वाचकापासून लपले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचे आजही असेच होते. संभाषणात जाणकाराची शंका आणि त्याच्या माहितीची मर्यादा ऐकू येते. पुस्तकाच्या पक्क्या वाक्यात ती बहुधा बुजून जाते.

आता डिचोलीकडे येऊ. १६८१ साली औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शाहजादा अकबर आसऱ्यासाठी संभाजी महाराजांकडे आला. १६८३ मध्ये त्याचा मुक्काम डिचोलीत होता. तिथला नमाजगाह लोकपरंपरा त्याच्याच नावाशी जोडते. समुद्रमार्गे इराणला जावे आणि तिथल्या शहाची मदत आणावी, असा त्याचा विचार चालला होता. त्याच्यासोबत मारवाडचा दुर्गादास राठोड होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर मराठ्यांच्या ताब्यातल्या फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि मार खाऊन परतला. संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतले, त्यांच्या फौजा बारदेश आणि साष्टीत शिरल्या. तहाच्या बोलण्यात मराठ्यांकडून संभाजी महाराजांचा विश्वासू कवी कलश होता, मध्यस्थीत अकबर होता आणि पोर्तुगीजांचा वकील म्हणून गेला होता निकोलाव मनुची, म्हणजे व्हेनिसचा माणूस. जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा दुसरा मुलगा शहा आलम रामघाट उतरून डिचोलीपर्यंत आला. त्याच्या फौजेसाठी धान्य सुरतेहून जहाजांनी यायचे होते आणि नदीचे मुख पोर्तुगीजांच्या हातात होते. भूक आणि रोगराईने ती फौज खंगली आणि घाट चढून परत गेली. अकबर शेवटी १६८७ मध्ये इराणला निघून गेला.

हा एवढा प्रसंग नीट सांगायचा तर कोणकोणते कागद लागतात ते पाहा. मोगलांचे कागद फारसीत. मराठ्यांचे मोडी लिपीतल्या मराठीत. व्हाइसरॉयच्या राज्यमंडळाचे ठराव पोर्तुगीजमध्ये. इंग्रज वखारवाल्यांची पत्रे इंग्रजीत. पेडण्याच्या सीमेपलीकडे वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिचे कागद डचमध्ये. मनुचीच्या आठवणी आणखी वेगळ्या. एका माणसाच्या आयुष्यात हे सगळे मावत नाही. माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली इथे आहे. अभ्यास आधी एकांतात पुरा व्हावा आणि मग त्याच्या सुलभीकरणासाठी गप्पा व्हाव्यात, असा क्रमच नाही. डिचोलीचा एक हिवाळा समजण्यासाठीसुद्धा चार-पाच भाषांचे जाणकार एकमेकांशी बोलावे लागतात. संवाद हे इतिहासाचे कामच आहे.

आणि तो झालाही. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर सुमारे तीन दशके, १९६१ पर्यंत, पणजीच्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते. १५९५ साली स्थापन झालेल्या या दफ्तराचा पहिला रक्षक दियोगो दो कौतो हा इतिहासकार होता. या दफ्तरात मराठ्यांविषयी जे दडले होते ते पिसुर्लेकरांनी बाहेर काढले. राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात प्रसिद्ध केले. तिकडे कलकत्त्याचे सर जदुनाथ सरकार यांची फारसी साधनांवर हुकमत होती, आणि पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढणारे गो. स. सरदेसाई कामशेतला राहत होते. सरकार आणि सरदेसाई यांचा पत्रव्यवहार अर्धशतक चालला, आणि पिसुर्लेकर या विद्वानांच्या वर्तुळात पोर्तुगीज पुरावा घेऊन आले. ही माणसे एकमेकांना प्रशस्तिपत्रे देत बसली नाहीत. तारीख कोणती, मूळ शब्द काय, नक्कल कोणी केली, असे त्यांच्या बोलण्याचे स्वरूप होते. पुण्यातल्या संशोधकांशी सरकारांचे कडाक्याचे वाद झाले आणि त्या वादांनीही कागद उजेडात आणले. संवाद म्हणजे गोडीगुलाबी, हा समज सोडून द्यावा लागेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. स्वतःच्या तालुक्याचा इतिहास आम्हांला धड माहीत नाही. ब्राझील आणि आफ्रिकेच्या इतिहासकारांचे ऐकून आम्ही काय करू? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात घर आणि जग वेगळे धरले आहे. पेडण्यातल्या हळर्णच्या किल्ल्याकडे पाहा. शापोरा नदीच्या काठचा हा किल्ला पोर्तुगीजांनी मे १७४६ मध्ये घेतला. घेणारा व्हाइसरॉय दों पेद्रो मिगेल द आल्मैदा. या विजयाबद्दल त्याला ‘मार्केझ द अलोर्न’ ही पदवी मिळाली, म्हणजे पेडण्यातल्या गावाचे नाव लिस्बनच्या सरदार घराण्याला लागले. स्थानिक इतिहास साधारण इथे थांबतो. पण ब्राझीलच्या इतिहासकाराला विचारले की हा माणूस पूर्वी कुठे होता, तर तो सांगेल की १७१७ ते १७२१ या काळात, आसुमारचा काउंट म्हणून, तो ब्राझीलमधल्या सोन्याच्या खाणींच्या प्रदेशाचा गव्हर्नर होता. राजाचा पंचमांश वसूल करण्यासाठी सोने सरकारी भट्टीतच वितळवण्याची सक्ती झाली, त्यावर १७२० मध्ये व्हिला रिका इथे उठाव झाला, आणि तो याच गव्हर्नरने निर्दयपणे मोडला. हळर्णचा किल्ला घेणारा माणूस हे सारे करून इथे आला होता. त्याच्यानंतर आलेला व्हाइसरॉय मार्केझ द ताव्होरा याला १७५९ मध्ये राजावरील हल्ल्याच्या आरोपावरून लिस्बनमध्ये देहान्त शासन झाले. अलोर्न घराण्याची सोयरीक याच ताव्होरांशी होती. त्यामुळे दुसरा मार्केझ वर्षानुवर्षे तुरुंगात राहिला आणि त्याची मुलगी लेओनोर मठात वाढली. अलोर्नची मार्केझा म्हणून ती पुढे पोर्तुगालची नामवंत कवयित्री झाली. हे सर्व धागे पेडण्याच्या एका गावाच्या नावात येऊन मिळतात. १७८८ मध्ये सावंतवाडीकरांनी पेडणे पोर्तुगीजांना का दिले, हे समजण्यासाठी कोल्हापूर आणि वाडी यांचे वैर पुरेसे आहे. पण घेणारा कोणत्या हिशेबाने घेत होता, हे समजायला ब्राझीलच्या खाणींची ओहोटी ठाऊक असावी लागते.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. सप्टेंबर १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार दिला आणि ते सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याकडे गेले. पाठोपाठ सत्तरीचे राणे उठले. आपल्याकडे हे बंड राण्यांच्या बंडांच्या मालिकेत सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण ते शिपाई कोणाशी लढायला पाठवले जाणार होते? गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याच्याशी. त्याला पोर्तुगीजांनी त्याच वर्षी डिसेंबरात पकडले. मोझांबिकच्या इतिहासकाराशी बोलताना सत्तरीचा माणूस हा प्रश्न विचारू शकतो: आमच्या नकाराने तिथल्या लढाईत काही फरक पडला का? हा प्रश्न लिस्बनच्या अभ्यासकाला सहज सुचणार नाही. डिचोलीच्या खनिजाचेही तसेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते म्हणून शिरगावच्या डोंगरांचे रूप पालटले. पुढे चीनची मागणी आली आणि २०१२ मध्ये खाणी थांबल्या. जपानच्या अर्थेतिहासाचा जाणकार डिचोलीला परका नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. जाणकार आपल्या दफ्तराची नजर घेऊन बोलतो. पोर्तुगीज कागदात राणे बंडखोरच असतात. जमीनदाराच्या जागेवर राहणारे मुंडकार, गावडे, बायका त्यात अधूनमधूनच येतात, तेही नाव नसलेले. मग अशा जाणकारांचे बोलणे म्हणजे जुनीच सत्ता गोड आवाजात ऐकणे नव्हे काय? हे बरेचसे खरे आहे. ओर्ताच्या ग्रंथातही मालुपा बोलतो तो ओर्ताला हवे तेवढेच. पण या दोषावर उपाय म्हणून जाणकारांना टाळले, तर त्यांचे दफ्तर तपासल्यावाचून राहते आणि त्यातला पक्षपातही तसाच राहतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सुरू केला, हे तिथल्या शिलालेखावरून कळते. त्याचे दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ कसे गेले आणि देव नदीपार कसा आला, हे लोकांच्या स्मृतीने आणि मिशनऱ्यांच्या कागदांनी मिळून सांगावे लागते. स्मृतीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो: कशावरून? जो प्रश्न आपण लिस्बनच्या प्राध्यापकाला विचारू, तोच आपल्या बखरीला आणि गावच्या देवस्थानच्या कथेलाही विचारायची तयारी हवी. ती नसेल तर आपला आक्षेप केवळ राग ठरतो.

ऐकणे म्हणजे अभ्यास नव्हे, असेही कोणी म्हणेल. मान्य. तासभर संभाषण ऐकून कोणी मोडी वाचू लागत नाही. पण संभाषणातला मोलाचा क्षण ओळखायला आपण शिकलो पाहिजे. ‘याबद्दल दोन मते आहेत’ किंवा ‘याचा कागद मी पाहिलेला नाही’ असे जाणकार म्हणतो, तो क्षण. तिथे पुढच्या कामाची जागा दिसते. १९७८ मध्ये गोव्यात इंडो-पोर्तुगीज इतिहासाचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद प्रथम भरला, आणि तेव्हापासून जगभरचे अभ्यासक या विषयावर एकत्र येत राहिले आहेत. अशा बैठकांत एकाला जे ठाऊक नसते ते विचारायला दुसरा समोर बसलेला असतो.

राहिली भाषा. हे जाणकार इंग्रजीत किंवा पोर्तुगीजमध्ये बोलतात, मग मराठी वाचणाऱ्या पेडणे-डिचोलीकरांनी काय करायचे? पिसुर्लेकरांनी आयुष्यभर पोर्तुगीजमध्ये संपादन केले, पणजीतल्या वास्को द गामा संस्थेच्या पत्रिकेत मराठ्यांवरचे लेख पोर्तुगीजमध्येच लिहिले. पण आयुष्याच्या शेवटी, १९६७ मध्ये, ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला तो मराठीत. इंग्रजी भाषांतर नंतर झाले ते त्या पोर्तुगीज लेखांचे. म्हणजे हा विषय मराठीतूनही पुरेपूर मांडता येतो. या व्याख्यानमालेत पुढच्या हंगामात कोणी ब्राझीलचा, मोझांबिकचा किंवा जपानचा अभ्यासक येईल, निदान दूरसंवादाने बोलेल. तेव्हा हळर्णचा, नाणूसचा आणि शिरगावचा प्रश्न मराठीतच लिहून त्याच्या हाती आधी द्यावा, आणि त्याच्या उत्तराचे टाचण मराठीत छापावे.