नमुना कोणत्या गोणीतला?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणं)



मागच्या सभेत तुम्ही विचारलं होतं, "लॅबचा रिपोर्ट चांगला आला, म्हणजे आता काळजी नाही ना?" आज त्यावरच बोलते. सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

आपल्या एका गटाला हळद पावडरची ऑर्डर मिळाली. घरची हळकुंडं कमी पडली, म्हणून 40 किलो बाजारातून आणली. पिवळीधमक, गुळगुळीत. घरच्या हळदीची पूड आधीच दळून तयार होती, म्हणून तपासणीला मी तीच पाठवली. रिपोर्ट उत्तम आला. मी आनंदाने वाचून दाखवला. तेवढ्यात मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तपासली ती आपल्या रानातली. पुड्यात भरणार ती कुठली?"

मला उत्तर देता येईना. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, की हा निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरता आहे. मी ते वाचलंच नव्हतं.

मग बाजारच्या हळदीचा नमुना पाठवला. त्यात शिसं निघालं, मर्यादेपेक्षा जास्त. 40 किलोवर पाणी सोडावं लागलं. पैसे गेले, गटात दोन दिवस अबोला होता. पण ती हळद कुणाच्या लेकराच्या दुधात गेली नाही.

हळदीत शिसं येतं कुठून? लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग असतो, तो रंगकामासाठी बनवतात. फिकट हळकुंडं उजळ दिसावीत म्हणून पॉलिश करताना काही जण तो चोळतात. बांगलादेशात हे फार चालायचं. 2019 मध्ये तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. मग तपासण्या झाल्या, दंड झाले, लोकांना सांगितलं गेलं. 2021 मध्ये हे प्रमाण शून्यावर आलं.

शिशाला वेगळी चव नाही, वास नाही. उकळून किंवा भाजून ते जात नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक, पोटातल्या बाळालाही. लॅबमध्ये पूड आम्लात विरघळवून ते यंत्रावर मोजतात. आपल्याकडे हळदीसाठी मर्यादा आहे किलोमागे 10 मिलीग्रॅम.

दुसरा आकडा कर्क्युमिनचा. हा हळदीचा स्वतःचा गुण, तिचा खरा पिवळेपणा. पावडरीत तो कमीत कमी 2 टक्के हवा. पण कर्क्युमिन भरपूर आलं म्हणजे शिसं नाही, असं समजू नका. दोन्ही तपासण्या वेगळ्या. जी मागितली नाही, ती लॅब करत नाही.

मिरची पूड आणि शेंगदाणे करणाऱ्या गटांनी अफलाटॉक्सिनची तपासणी मागा. हे बुरशीचं विष, यकृताला घातक. माल ओला राहिला की ही बुरशी धरते. सगळी गोणी चांगली आणि मूठभर दाणे विषारी, असंही होतं. म्हणून नमुना घेण्यातच सगळं आहे.

तर एवढं करा:

1. प्रत्येक गोणीतून वरचा, मधला, तळचा माल घ्या. सगळा एकत्र मिसळा, मगच त्यातून नमुना काढा. निवडून, पाखडून पाठवू नका.
2. विकत आणलेला माल घरच्या मालात लगेच मिसळू नका. त्याची तपासणी वेगळी.
3. नमुन्याच्या आणि पुड्यांच्या पिशवीवर एकच बॅच नंबर लिहा. थोडा नमुना गटाकडेही बंद करून ठेवा.
4. लॅबला एनएबीएल मान्यता आहे का विचारा, आणि आपल्याला हवी त्याच तपासणीसाठी आहे का, तेही.
5. रिपोर्ट येईपर्यंत माल विकू नका.

तपासणीचा खर्च जड जातो, हे मला माहीत आहे. एकाच मालाचे तीन-चार गट मिळून खरेदी करा, एकच बॅच करा, खर्च वाटून घ्या.

आणि यापुढे मी रिपोर्ट वाचायला उभी राहिले, की आधी विचारा, "नमुना कोणत्या गोणीतला?" त्या काकूंसारखं, अगदी भर सभेत विचारा.