हरलो, असं कोणी लिहीत नाही

ठाणे-बेलापूर रस्त्यावर पावणे नावाचं एक गाव आहे. आपण बोलीत पाहुण्याला पावणा म्हणतो. आणि गंमत अशी की, या पावण्यात दिवसा पाहावं तिकडे पावणेच दिसतात. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची, भातशेती आणि खाडीतली मासेमारी करणाऱ्यांची. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढे या साऱ्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. आज गावोगावची मुलं हातात आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन इथे उतरतात. गुरुजी, त्यांत तुमच्या शाळेतलाही एखादा असेल.

पूर्वी फाटकावर 'फिटर पाहिजेत' अशी पाटी लागे, नाहीतर कोणाचा मामा आधीपासून आत असे, तो साहेबांच्या कानावर घाली. पाटी आणि मामा आजही आहेत. पण त्यांच्या जोडीला मोबाईलवरची एक चावडी आली आहे. तिचं नाव लिंक्डइन. २००३ साली ती अमेरिकेत सुरू झाली, २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती विकत घेतली. इथे माणूस आपलं शिक्षण, काम, अनुभव मांडतो आणि नोकरी देणारे ते वाचतात. इथवर सगळं ठीक. पण चावडीवर बसलं की आवाज चढतोच! 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो, आणि मन नम्रतेने भरून येते की...' अशी सुरुवात. मग 'प्रवास', मग 'संधी', मग 'शिकवण', आणि शेवटी लहानथोर सगळ्यांचे आभार. गृहस्थाला बढती मिळाली की डच्चू, ते तीनदा वाचूनही उमगत नाही.

आपल्याला हा प्रकार अगदीच नवा नाही म्हणा. नाक्यावरच्या फलकावर आपण 'भावी' नगरसेवक रोज पाहतो. त्यातले किती जण 'भावी'च राहतात, ते तुम्हांला ठाऊक आहे.

तर या भाषेची टर उडवणाऱ्यांच्या हाती फुटबॉल लागला, आणि टर फार झकास जमली. कारण सोपं आहे. फुटबॉलमध्ये काय घडलं ते फलकावर आकड्यांत लिहिलेलं असतं. शब्दांनी कितीही रांगोळी काढा, आकडा तिथेच.

मासला पाहा. ८ जुलै २०१४ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला, तेही ब्राझीलच्याच भूमीवर, ७-१ असं हरवलं. मध्यंतरालाच ५-० झाले होते. आता हाच सामना एखाद्या पराभूत व्यवस्थापकाने त्या चावडीवर कसा मांडला असता? 'काल अवघ्या नव्वद मिनिटांत आमच्या संघाला सात मौल्यवान शिकवणी लाभल्या. त्यांपैकी पाच तर पूर्वार्धातच पदरात पडल्या, ही आमच्या ग्रहणशक्तीची पावतीच होय. प्रतिस्पर्धी संस्थेच्या सहकार्याबद्दल मी नम्रपणे ऋणी आहे.' लाल कार्ड मिळालेला गडी लिहील, 'नव्या संधींच्या शोधात मी आज नियोजित वेळेपूर्वी मैदान सोडत आहे. पंचांनी माझ्याकडे व्यक्तिशः लक्ष पुरवले, हे मी विसरणार नाही.' आणि सबंध हंगाम राखीव बाकावर काढलेला? 'सीमारेषा निरीक्षण विभागात वर्षभर जबाबदारीचे पद.'

यालाच आपण विडंबन म्हणतो. आपल्याकडे त्याची परंपरा चांगली आहे. केशवकुमार या नावाने आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली आणि त्या काळच्या कवींच्या लकबींना हसून घेतलं. ज्याची नक्कल करायची त्याचा कान लागतो. नुसत्या शिवीगाळीला विडंबन म्हणत नाहीत.

कंपनी आणि फुटबॉल यांची सोयरीक मुंबईला जुनीच. मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ इथे खेळले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो संघ बंद झाला. 'संघ बंद झाला.' तीन शब्द, पण ऐकणाऱ्याला सगळं कळलं.

पावण्याहून त्याच रस्त्याने दक्षिणेला गेलं की नेरुळचं डी. वाय. पाटील मैदान लागतं. जानेवारी २०२२मध्ये महिलांच्या आशिया चषकात आपल्या मुली तिथे चायनीज तैपेईशी खेळणार होत्या. कोरोनाने इतक्या जणी आजारी पडल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत, आणि यजमान भारत स्पर्धेबाहेर गेला. त्याच मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्याच मुलीकडून झालेला स्वयंगोल होता. आता स्वयंगोलावर विनोद सुचायला वेळ लागत नाही. 'दोन्ही संघांसाठी भरीव योगदान' हे वाक्य जिभेवर आलंच असेल. पण त्या पोरीवर ते टाकू नये. तिने काही लपवलं नव्हतं, सगळ्या जगासमोर तिची चूक झाली होती.

मग टाकायचं कुणावर? तेच सांगतो. कंत्राटावर चार वर्षं राबलेल्या एखाद्या मुलाला एक दिवस कागद मिळतो: 'मनुष्यबळाची पुनर्रचना करण्यात येत आहे.' वाक्यात कर्ताच नाही! चेंडू कुणी मारला, पत्ता लागत नाही. वीस माणसं घरी बसली, हे त्यात कुठेच नाही. आणि त्याहून वाईट पुढे आहे. तो मुलगा संध्याकाळी खोलीवर येतो, मोबाईल उघडतो, आणि स्वतःच्याच हातांनी लिहितो, 'या सुंदर प्रवासाबद्दल व्यवस्थापनाचा आभारी आहे.' का? कारण पुढचा मालक ते वाचणार. मनात राग आहे, खोलीचं भाडं थकलं आहे, आणि तोंडावर नम्रता! या मुलाला हसायचं नाही, श्रोतेहो. हसायचं ते त्या कर्ता नसलेल्या कागदाला.

शिवाय या फुगीर भाषेने नोकरी मिळते असंही नाही. 'ध्येयवेडा, परिणामाभिमुख युवक' असं लिहिलेलं शंभर जणांचं असतं. लेथवर माणूस हवा असलेल्या फोरमनला त्यातून काय समजणार? त्यापेक्षा 'लेथवर दोन वर्षं काम केलं. ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रोमीटर वापरता येतो. रात्रपाळी चालेल', एवढं लिहिलं तर त्याचं डोकं लगेच वर येईल. फुटबॉलच्या फलकासारखंच आहे ते, आकडा दिसतो.

गुरुजी, एक शनिवार याला द्या. शाळेतला कबड्डीचा हरलेला एखादा सामना घ्या. आधी मुलांना तो फुगवून लिहू द्या, 'सन्मान', 'प्रवास', 'शिकवण' सगळं घालून. आणि दुसऱ्या कागदावर किती गुण, कोणाची पकड सुटली, कोण वेळेवर आलाच नाही, एवढंच. पहिला कागद वाचाल तेव्हा वर्ग खो खो हसेल. दुसरा वाचताना ज्याची पकड सुटली तो पोरगा उठून उभा राहील, 'गुरुजी, माझा पाय मुरगळला होता' म्हणेल. त्याला तेही लिहायला सांगा.