खेळातला नायक आणि त्याची ओळख



वर्धेकरांना जपान नवा नाही. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू 1933 मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. त्यांच्याच पंथाचा विश्वशांती स्तूप आज गीताई मंदिराजवळ उभा आहे. आर्वी-हिंगणघाटच्या पोरांचा जपान मात्र टीव्हीतून घरात शिरला. डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत बोलतात, त्यामुळे ते दोघे परके वाटतच नाहीत.

जपानात अशी ॲनिमे मालिका गाजली की तिचा नायक अनेकदा हातात मावणाऱ्या खेळयंत्रात उतरतो. ‘ॲस्ट्रो बॉय : ओमेगा फॅक्टर’ हे त्याचं देखणं उदाहरण. ओसामू तेझुका यांचा हा यंत्रबालक 1952 मध्ये चित्रकथेत जन्मला आणि 1963 मध्ये टीव्हीवर आला. 2003 मध्ये त्याची नवी मालिका सुरू झाली, आणि वर्ष संपण्याआधी हा खेळ ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या खेळयंत्रावर दाखल झाला. पडदा अवघा 240 बाय 160 ठिपक्यांचा! तेवढ्यात बुक्क्या, लाथा, बोटातून सुटणारा किरण आणि अंगावर येणारे अवाढव्य यंत्रमानव.

गंमत पुढेच आहे. तेझुकांच्या इतर चित्रकथांतली मंडळीही या खेळात भेटतात, आणि एकेकाशी ओळख होत जाईल तशी नायकाची ताकद वाढते. खेळ संपला असं वाटतं तोच काळाचे काटे उलटे फिरतात. खरा शेवट दुसऱ्या फेरीत.

अशा खेळात नायक कोण, हे सांगत बसावं लागत नाही. ते काम टीव्हीने आधीच उरकलेलं असतं.

खेळ बनवणाऱ्या पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’कडे मात्र अशी कुठलीच मालिका नव्हती. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या आपल्या खेळासाठी त्यांनी 2017 मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी काम थांबलं नाही. 18 ऑगस्ट 2020 रोजी हा खेळ आधी ‘निन्टेन्डो स्विच’वर आला. हे यंत्र हातात धरूनही खेळता येतं, टीव्हीला जोडूनही.

राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला ती त्रिशूळ घेऊन निघते. तिला आधी कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तिची गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू! जी ओळख जपानी खेळाला मालिकेतून मिळते, ती पुणेकरांनी पुराणातून घेतली. जोडीला पहाडी चित्रशैलीची छाप आणि छायाबाहुल्या. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात राजीला नामांकन मिळालं.

पुढे सुधारित आवृत्तीत राजी हिंदी बोलू लागली. पुण्यात घडलेल्या या पोरीला आता मराठीही शिकवायला हरकत नाही.