सहा वर्षांची नोकरी

पोरांचा सोहळा बघायला पहाटेच्या एसटीने निघालेले आईवडील, आणि आज बी.एड. होऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

अशा समारंभात पाहुण्याने स्वतःच्या यशाबद्दल बोलायचं आणि मुलांनी मधूनमधून टाळ्या वाजवायच्या, असा रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे. मला एका मास्तरांबद्दल बोलायचंय. त्यांना जाऊन पाऊणशे वर्षं झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या शाळेत त्यांची तसबीर असेल, बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटाच्या वर. पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी.

आधी त्यांची पात्रता तपासू, कारण आजकाल सुरुवात तिथूनच होते. 1922 साली पुण्यातून बी.ए. 1924 साली तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक. अध्यापनाची पदवी नाही. टीईटी नाही, टेट नाही. शिक्षकभरतीच्या आजच्या पवित्र पोर्टलने त्यांचा अर्ज पहिल्याच पानावर अडवला असता! हसा, हरकत नाही. पण मी हे तुमच्या पदवीला नावं ठेवण्यासाठी सांगत नाहीये. शिकवायचं कसं ते शिकून मगच वर्गात पाऊल टाकणं केव्हाही बरं. गुरुजींकडे जे होतं ते कुठल्याच अभ्यासक्रमात बसत नाही, इतकंच. पुढे जे सांगणार आहे ते त्याबद्दलच.

त्यांची शाळेतली नोकरी सहा वर्षांची. 1930 च्या एप्रिलअखेर मिठाच्या सत्याग्रहासाठी राजीनामा दिला आणि नंतर ते कुठल्या शाळेत पगारी शिक्षक म्हणून परतले नाहीत. उरलेल्या वीस वर्षांत तुरुंग, चळवळ, लेखन, संपादन, दौरे. तरी लोकांनी हाक मारली ती गुरुजी म्हणूनच. सहा वर्षांत असं काय केलं असेल?

याचं उत्तर आपण 'श्यामची आई'त शोधतो आणि तिथेच अडकतो. नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत, 9 ते 13 अशा पाच दिवसांत लिहिलेलं ते पुस्तक 1935 साली बाहेर आलं. अत्र्यांनी 1953 साली त्यावर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तेव्हापासून महाराष्ट्राच्या पिढ्या त्या गोष्टींवर रडत आल्या. मीही रडलोय, शाळेच्या पटांगणात, चटईवर बसून. रडण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या रडण्यापायी एक गोष्ट घडली. गुरुजी म्हणजे हळवा, डोळे पुसत बसलेला माणूस, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं झालं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या, तर त्यांत दिसणारा माणूस बसलेला फारसा सापडतच नाही. तो सतत काहीतरी करत असतो.

अमळनेरच्या शाळेचं छात्रालय होतं. गुरुजींकडे त्याची जबाबदारी आली. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, घरी अहिराणी बोलणारी. हा मास्तर दापोलीजवळच्या पालगडचा, कोकणातला. खोल्या कशा असतील, ते वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको. अंथरुणं जशी सोडली तशी पडलेली, कपडे खुंटीवर कमी आणि जमिनीवर जास्त, कंदिलाच्या काचा काजळलेल्या. रेक्टरने अशा वेळी काय करायचं असतं? नियमांचा कागद चिकटवायचा, दंड लावायचा, घरी पत्र धाडायचं. गुरुजी मुलं शाळेत किंवा खेळायला गेली की त्यांच्या खोल्यांत जायचे. अंथरूण घडी करून ठेवायचे. पुस्तकं नीट लावायचे. केर काढायचे, काचा पुसायचे, कुणाचे मळके कपडे दिसले तर तेही धुऊन टाकायचे. आणि याबद्दल अवाक्षर बोलायचे नाहीत.

पोरं परत यायची, तर खोली आवरलेली. पहिल्या दिवशी मजा वाटली असेल. मग लाज वाटायला लागली, आणि हळूहळू खोल्या आधीच आवरलेल्या राहू लागल्या. ही गोष्ट आपण मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगतो आणि स्वच्छतेचं महत्त्व असं शीर्षक देतो. मला ती स्वच्छतेची वाटत नाही. काच रोज काजळते. आज पुसली म्हणून उद्या सुटका नाही. एम.ए. झालेला माणूस ते काम रोज करतो, कुणी बघत नसताना करतो, आणि त्यात आपण काही मोठं करतोय असं त्याला वाटत नाही. हे साधायला फार कठीण आहे. मला अजून जमलेलं नाही, आणि माझ्या ओळखीतल्या चांगल्या चांगल्या शिक्षकांनाही नाही.

दुसरं काम त्याहून अचाट. त्यांनी छात्रालयात एक दैनिक सुरू केलं. छापील नाही, हस्तलिखित. स्वतःच्या हाताने लिहून काढायचं आणि सकाळी मुलांना वाचायला ठेवायचं. त्यात देशातलं-परदेशातलं असायचं, थोरामोठ्यांच्या गोष्टी असायच्या आणि छात्रालयातल्याच घडामोडीही. तुमच्यातल्या ज्यांनी सरावपाठांच्या काळात एकदा तरी भित्तिपत्रक काढलंय, त्यांना ठाऊक आहे एका अंकाला किती घाम गाळावा लागतो. हा माणूस दिवसभर वर्गात शिकवून ते रोज काढत होता. 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिकही काढलं. पण माझा जीव त्या दैनिकात अडकलाय. एका छात्रालयापुरतं वर्तमानपत्र. वाचक सगळे ओळखीचे. काल कोण भांडलं, कोणाला घरची आठवण येतेय, हे संपादकाला माहीत. पाठ्यपुस्तक सगळ्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतं. हे फक्त या पोरांसाठी होतं. आपल्यासाठी कुणीतरी रात्री जागून लिहिलंय, हे कळल्यावर त्या पोरांना काय वाटत असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

राजीनाम्यानंतरचं आयुष्य भराभर सांगतो, पण एका ठिकाणी थांबतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते आणि गुरुजीही. विनोबा रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. विनोबांनी ती लिहिलेली नव्हती, ते बोलत होते. ती जशीच्या तशी उतरवून घेतली गुरुजींनी. आज जगभरच्या किती भाषांत 'गीता प्रवचने' वाचली जातात! त्यामागे समोर बसून भराभर लिहिणारा एक मास्तर आहे. त्या वेळी गुरुजी स्वतः उत्तम बोलणारे, लिहिणारे होते. आपल्यालाही गीतेवर चार शब्द सांगता येतील, असं त्यांना वाटलं नसेल असं नाही. पण त्या रविवारी त्यांनी वही उघडली ती दुसऱ्याचं ऐकायला. वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस शिक्षकच असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग 1936 चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्यासाठी गुरुजी खानदेशात गावोगाव फिरले. पंढरपूरचं उपोषण तुम्हाला ठाऊक आहे, मे 1947 मधलं. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधीचे काही महिने मात्र आपण विसरतो. त्या काळात ते राष्ट्र सेवा दलाच्या पोरापोरींचं कलापथक घेऊन महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या, गावोगावच्या माणसांशी बोलले. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडा असं कळवलं, तेव्हा त्यांनी आदर राखून नाही म्हटलं. हळवा माणूस एवढा हट्टी असतो, हे त्या तसबिरीकडे पाहून कळत नाही.

आता जे बोलणार आहे, ते पदवीदानात बोलावं की नाही, याचा मी बराच विचार केला. 11 जून 1950 रोजी गुरुजी गेले. वय वर्षं 50. पाठ्यपुस्तकात 'निधन झाले' असं असतं. त्यांनी स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं. स्वातंत्र्यानंतर त्यांचा जो भ्रमनिरास झाला, गांधीजींच्या हत्येचा जो घाव बसला, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. कुणी त्या मृत्यूला त्याग म्हटलं, कुणी अजून काही. मी त्यात पडणार नाही. एका माणसाच्या मनात शेवटी काय होतं, हे बाहेरून ठरवणं मला पटत नाही, आणि त्या मृत्यूला हार घालणं तर मुळीच पटत नाही. ते जगायला हवे होते. साठ वर्षांचे, सत्तर वर्षांचे, पिकलेले गुरुजी या महाराष्ट्राला बघायला मिळायला हवे होते.

मला दिसतं ते एवढंच. 1948 च्या 15 ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं होतं. पुतणी सुधाला ते 'सुंदर पत्रे' लिहीत होते. आंतरभारतीचं स्वप्न होतं, प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं असं. भोवती त्यांच्यावर जीव टाकणारी तरुण माणसं होती. आणि तरीही सगळ्यांचा भार वाहणारा हा माणूस आतून थकत गेला.

ते गेल्यावर काय झालं बघा. 'साधना'चं संपादन आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी अंगावर घेतलं. पुढे यदुनाथ थत्त्यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली, मुलांना जमवून गोष्टी सांगण्याची. रायगड जिल्ह्यात वडघरला स्मारक उभं राहिलं, तिथे मुलांची शिबिरं भरतात. सगळी कामं कशी आहेत ते पाहा. आठवड्याला अंक निघायलाच हवा, शिबिराला चुली पेटायलाच हव्यात. पुन्हा काच पुसण्यासारखीच कामं, एकदा केली की संपली असं नाही. एकाने उचललेलं ओझं त्याच्यामागे अनेकांनी वाटून घेतलं. त्या पिढीला मी दोष देत नाही. त्यांचं दुःख केवढं असेल, ते त्यांनी लिहिलेल्यातून कळतं. पण मनात येतंच, की हीच वाटणी तो माणूस असताना झाली असती तर.

म्हणून तुमच्या स्टाफरूमबद्दल बोलतो. तुमच्यातले काही जण लवकरच शिक्षणसेवक म्हणून रुजू व्हाल. माध्यमिकला 18,000 रुपये मानधन, 2023 पासूनचं, त्याआधी तर 8,000 होतं. काही जण घड्याळी तासावर जाल, काही विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं वाट बघत काढाल. वर्गाच्या जोडीला युडायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं. अशा प्रत्येक शाळेत एक माणूस असतो. सहल काढायची असो, स्नेहसंमेलन असो, एखाद्या मुलीचं शिक्षण सुटू नये म्हणून तिच्या बापाला समजवायला जायचं असो, सगळे त्याच्याकडे बघतात. तो नाही म्हणत नाही. आपण त्याला 'आमच्या शाळेचे साने गुरुजी' म्हणतो आणि मोकळे होतो. हे कौतुक स्वस्त आहे. त्यापेक्षा त्याची सहल या वर्षी तुम्ही काढा. तो गप्प गप्प दिसला तर चहाला बाहेर घेऊन जा आणि सरळ विचारा. आणि तो माणूस तुम्ही स्वतःच असाल, तर दमलोय म्हणायला लाजू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मुलांसाठी फलकावर लावाल, तसाच तो स्टाफरूमच्या दारामागेही लावा. शिक्षकाला उदास वाटूच शकत नाही, असं कुठल्याही परिपत्रकात म्हटलेलं नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. नव्या शिक्षकाच्या गळ्यात जयंती-पुण्यतिथ्यांचं काम पडतंच, तुमच्याही पडेल. 11 जूनला आपल्याकडे शाळा उघडलेल्या नसतात, त्यामुळे उरते 24 डिसेंबर, त्यांची जयंती. हार, नारळ, दोन भाषणं, एका मुलीने पाठ केलेली गोष्ट, हा कार्यक्रम तयारच असतो. त्या दिवशी हार आणू नका. पोरांकडून एक पान लिहून घ्या, त्यांच्याच शाळेचं दैनिक. बातम्या त्यांच्याच. पटांगणातला नळ कधीचा गळतोय, सातवीतल्या कुणाला बहीण झाली, मधल्या सुट्टीत काय भांडण झालं. शुद्धलेखन लगेच तपासू नका. अंक काढताना तुमची रात्र जाणार, ते गृहीत धरा. पहिला अंक निघाला की त्याचा फोटो प्राचार्यांना पाठवा, त्या मला पुढे धाडतील, तसं आमचं ठरलंय.

अजून निम्म्या पदव्या द्यायच्या आहेत आणि शिरपूरच्या मंडळींची गाडी पावणेपाचला सुटते. मी माझी जागा मोकळी करतो.